अण्णांचं ‘तूर्त’

सोमवारी कपाटाच्या मागून तो कागद निघाला आणि बुधवारपर्यंत घरातल्या प्रत्येकाने तो इतक्या वेळा वाचला की बिचारा घडीवर फाटायला आला. कागद तसा साधाच होता. बेचाळीस वर्षांपूर्वी अण्णांनी नगरपालिकेला केलेल्या अर्जाची ती दुसरी प्रत. ‘आमच्या दोरखंडाच्या दुकानामागची मोकळी जागा गुरुवारच्या बाजारासाठी तूर्त वापरावी, आमची हरकत नाही.’ खाली अण्णांची सही, लांबलचक, दोराचं भेंडोळं सुटल्यासारखी. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, पण ती सही बघून सोमवारी घरातल्या सगळ्यांनाच जरा गलबलून आलं. मंगळवारी अण्णांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे भाऊजींनी, पालिकेत अर्ज टाकला की जागा परत द्या. आणि बुधवारी, म्हणजे आज, दुपारी तीनला सभा होती.

सभेआधी घरची सभा झाली. ती दुकानाच्या मागच्या पडवीत, सुतळीच्या वासात, चहाबरोबर. भाऊजी पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते, जाऊबाई खुर्चीवर, आणि मेंबरीण खाली चटईवर, मांडीवर फाटकं पोतं आणि हातात दाभण घेऊन. बैठक असो की भांडण, तिच्या हाताला काम लागायचंच. मेंबरीण हे नाव भाऊजींनीच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी ‘घरातलं कुणीतरी पालिकेत असलेलं बरं’ म्हणत त्यांनीच धाकट्या भावाच्या या बायकोला उभं केलं, दारोदार फिरून निवडून आणलं, आणि वर हे नाव चिकटवलं. सुरुवातीला ती थट्टा होती. मग गावानेही तेच उचललं.

“तुला मत देता येत नाही, ठाऊक आहे ना?” भाऊजींनी विचारलं.

“ठाऊक आहे. घरचा विषय असला की मत नाही. पण बोलता येतं.”

“बोलता येतं म्हणून बोललंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही.”

“मग आज पोटात दुखतंय म्हण आणि घरी बस.”

“माझं पोट ठणठणीत आहे, भाऊजी.”

जाऊबाईंनी घाईघाईने बशी तोंडाला लावली. हसू लपवायची त्यांची ती जुनी रीत होती. भाऊजींनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि बशी लगेच खाली आली.

“हे बघ,” भाऊजींनी आवाज खाली आणला. ते आवाज खाली आणायचे तेव्हा जास्त अवघड व्हायचे, कारण मग खरं बोलायचे. “पोत्यांचा धंदा गेला. सगळे प्लास्टिकच्या गोण्या घेतात. दोर कोण घेतं आता? बैलाला नाही, विहिरीला नाही. मागे गोदाम बांधलं तर वर्षभर धान्य ठेवायला लोक दारात उभे राहतील. तुझी पोरगी, माझे दोघे, इथेच काहीतरी करून खातील. नाहीतर जातील निघून, आणि आपण चौघं म्हातारे एकमेकांची तोंडं बघत बसू. यात माझा एकट्याचा फायदा आहे का?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग?”

त्यांच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं आणि हीच पंचाईत होती. माणूस लबाड असता तर तिने केव्हाच दोन हात केले असते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो उंबऱ्यावर बसून एका दोराचं उसवलेलं टोक वळत होता. वळून झालेलं टोक त्याने उलगडलं आणि पुन्हा वळायला घेतलं.

“दादा काही वाईट नाही म्हणत,” तो दोराला म्हणाला.

“वाईट म्हणतात असं मीही नाही म्हणत. बाजार कुठे जाईल, एवढंच विचारते.”

“मोठ्या रस्त्यापलीकडे,” भाऊजी म्हणाले. “पालिकेची ऐसपैस जागा आहे तिथे.”

“पाणी नाही, सावली नाही. भाजीवाल्या म्हातारीने डोक्यावर दोन टोपल्या घेऊन तीन किलोमीटर चालायचं? मडकीवाल्याने हातगाडी चढावर न्यायची? आणि तिथवर गिऱ्हाईक कशाला येईल? दोन महिन्यांत बाजारच मोडेल, भाऊजी. बाजार मोडला की या गावात गुरुवार आणि शुक्रवार सारखेच.”

“तो विचार पालिकेने करायचा.”

“मी पालिकेतच आहे. तुम्हीच पाठवलंत.”

हे मात्र भाऊजींना झोंबलं. त्यांनी कागद उचलला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. तीन दिवस बोट ठेवून ठेवून तिथे डाग पडला होता.

“हे मी लिहिलेलं नाही. अण्णांनी लिहिलंय. तूर्त! तूर्त म्हणजे आत्तापुरतं. चार दिवस. कायम द्यायची असती तर कायम लिहायला त्यांची शाई संपली होती का? बेचाळीस वर्षं वापरली लोकांनी, पुष्कळ झालं. शब्दाला काही अर्थ असतो की नाही?”

पडवीपलीकडच्या मोकळ्या जागेत बुधवारची शांतता होती. दुकानाच्या मागच्या भिंतीत अण्णांनी बसवलेल्या लोखंडी कड्या ओळीने दिसत होत्या, एकूण चाळीस. बाजाराच्या दिवशी प्रत्येकीत कुणाच्या ना कुणाच्या ताडपत्रीचा दोर अडकवलेला असायचा. कुणाची कडी कुठली हे ठरलेलं होतं, आणि त्यावरून दर गुरुवारी एक तरी भांडण व्हायचंच.

“आणि आता शेवटचं सांगतो,” भाऊजी म्हणाले. “सभेत उभी राहून घराविरुद्ध बोललीस, तर मेंबरीण म्हणून खुशाल राहा. या घरात नाही.”

“अहो!” जाऊबाई म्हणाल्या.

“मी बोललो ते बोललो.”

मेंबरीणचा हात थांबला नाही. पण सुतळी दोनदा एकाच भोकातून गेली. अठरा वर्षं ती या घरात होती. या पडवीत तिच्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं होतं आणि ते पाऊल याच भाऊजींनी टाळ्या वाजवून पडवीभर फिरवलं होतं. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि रागापेक्षाही जास्त, वाईट वाटलं.

जाऊबाई उठल्या. वातावरण निवळावं म्हणून त्या नेहमी काहीतरी आवराआवर करायच्या. “तो कागद द्या इकडे. इथे चहात भिजेल. तूर्तच्या खोलीत कपाटावर ठेवते.”

“ठेव,” भाऊजी म्हणाले. “तूर्तच्या खोलीत ठेव, पण आत्याच्या सुतळीखाली नको. तीनच्या आत सापडला पाहिजे.”

दाभण पोत्यात अर्धं शिरून तिथेच राहिलं.

तिने भाऊजींकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. कुणाच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. तिच्याही अठरा वर्षांत आलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, ‘बॅग तूर्तच्या खोलीत ठेव,’ आणि तेव्हापासून तीही तसंच म्हणत आली होती. माणूस स्वतःच्या नावाचा अर्थ जसा कधी मनात आणत नाही, तसं त्या खोलीचं झालं होतं.

पोतं बाजूला ठेवून ती उठली.

तूर्तची खोली म्हणजे पडवीच्या टोकाला विटांचे चार खांब आणि वर पत्रे. एका बाजूची भिंत कच्ची होती ती कधीतरी पक्की झाली, खिडकी नव्हती ती आली, आणि पत्र्यांना तीन वेळा रंग दिला गेला. तिथे आत्याबाई राहायच्या, अण्णांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर. नवऱ्याचं घर सोडून आल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी भाऊजींची आणि धाकट्याची आई गेली होती, आणि नऊ वर्षांचा एक आणि दोन वर्षांचा एक अशी दोन पोरं त्यांच्या मांडीवर येऊन पडली. आत्ता त्या खिडकीशी बसून सुतळीचा गुंडा करत होत्या.

“ऐकलंत ना सगळं?” मेंबरीणने विचारलं.

“मी बहिरी झाले म्हणून सांगते सगळ्यांना. झाले नाहीये.”

“आत्याबाई, या खोलीला तूर्तची खोली का म्हणतात?”

गुंडा फिरायचा थांबला. म्हातारीच्या तोंडावर आधी नवल आलं आणि मग हळूहळू हसू.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “अगं बाई गं! हे माझ्या ध्यानातच आलं नाही.” त्यांनी गुंडा खाली ठेवला. “मी आले तेव्हा दारातच तुझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, दादा, मी राहायला नाही आले, आठ दिवसांनी जाईन कुठेतरी. मला उपकार नको होते कुणाचे. फार ताठा होता मला. दादा म्हणाला, बरं, तूर्त राहा. तूर्त इथे पत्रे टाकतो. तेवढ्यावर राहिले मी. कायम राहा म्हणाला असता ना, तर त्याच पावली मागे फिरले असते.”

“आणि बाजाराची जागा?”

“तेही तसंच. बाजार तेव्हा रस्त्यावर भरायचा, दर गुरुवारी गाडीखाली काहीतरी सापडायचं. लोक आले मागायला, मान खाली घालून. दादा म्हणाला, तूर्त बसा माझ्या मागे. मी म्हटलं, कायमची देतोयस तर तसं लिही की सरळ. तर म्हणाला, कायम म्हटलं की घेणाऱ्याला ओझं होतं. तूर्त म्हटलं की तो ताठ मानेने बसतो. आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून भिंतीत कड्या बसवायला लागला. चार दिवसांसाठी कुणी चाळीस कड्या ठोकतं का गं?”

सासऱ्यांना तिने सात वर्षं पाहिलं होतं. फारसं न बोलणारा, तिरसट वाटणारा माणूस. आज पहिल्यांदा तिला ते आवडले, आणि ते सांगायला ते नव्हते.

“तुम्ही सभेत येऊन एवढंच सांगाल?”

“नाही.” उत्तर ताबडतोब आलं. “त्याला मी वाढवलाय. चार लोकांत त्याच्याविरुद्ध माझं तोंड उघडणार नाही. तू सून आहेस, तुझं वेगळं.”

“मी बोलले तर मला घर नाही म्हणतात.”

“ऐकलं ते.” आत्याबाईंनी पुन्हा गुंडा उचलला. दोन-चार वेढे झाल्यावर म्हणाल्या, “मला कशाला नेतेस? त्यालाच विचार. चिडेल, आदळआपट करेल, पण सरळ विचारलंस तर खोटं बोलणार नाही. त्याला येतच नाही. मी शिकवलंच नाही.”

दोन वाजता मेंबरीणने बॅग भरली. चार कपडे, मुलीचा फोटो, चष्मा. धमकी पोकळ आहे असं धरून चालायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. जे व्हायचं ते डोळे उघडे ठेवून व्हावं. बॅग तिने पलंगाखाली सरकवली आणि निघाली. दुकानाशी आली तर नवरा फळ्या लावत होता. कामाच्या दिवशी भर दुपारी त्या दुकानाला फळ्या लागलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

“हे काय?”

“मीही येतो. मागे उभा राहतो.”

“कुणाच्या बाजूने?”

तो शेवटची फळी बसेना म्हणून खटपटत राहिला. “मागच्या बाजूने,” म्हणाला. तिला हसू आलं. त्याच्याकडून एवढंही खूप होतं.

पालिकेचं सभागृह म्हणजे एक लांबडी खोली, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. नऊ सदस्य आणि अध्यक्ष. अध्यक्ष औषधांचे दुकानदार होते आणि कुठलाही कागद चिठ्ठी वाचल्यासारखा हात लांब करून वाचायचे. लोकांच्या बाकांवर आज जागा नव्हती. भाजीवाली म्हातारी पहिल्या रांगेत, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. का आणली होती कोण जाणे, सवयीने असेल. भाऊजी अर्जदाराच्या खुर्चीत ताठ बसले होते.

कारकुनाने आधी भाऊजींचा अर्ज वाचला. मग जुन्या वहीतला ठराव वाचला, शब्द न् शब्द तोच. तूर्त. सदस्यांनी तासभर खल केला आणि शेवटी हात वर झाले तेव्हा चार इकडे, चार तिकडे. मेंबरीणचा हात मांडीवरच होता.

“म्हणजे आलं माझ्यावर,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. “मी बाजारवाल्यांचा नाही आणि गोदामवाल्यांचाही नाही. मी कागदावर जाणार. आणि कागदात तूर्त आहे. तूर्त म्हणजे तूर्तच असेल, तर मला जागा परत द्यावी लागेल. कुणाला काही सांगायचंय?”

मेंबरीण उभी राहिली.

“मला मत नाही. सांगायचंही काही नाही. अर्जदारांना दोन प्रश्न विचारायचे आहेत.”

“विचारा.”

ती भाऊजींकडे वळली. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खाली बसली असती. तिने मनातल्या मनात पलंगाखालची बॅग एकदा चाचपून घेतली.

“भाऊजी, आत्याबाई आपल्या घरात कुठल्या खोलीत राहतात?”

“हा काय प्रश्न आहे? तूर्तच्या—”

आणि ते थांबले. फिरणाऱ्या पंख्याची करकर ऐकू यायला लागली. भाऊजींच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं, ते सगळं सभागृहाने पाहिलं. एका शब्दाने वेळ मारून नेता आली असती. मागची खोली म्हणता आलं असतं, पत्र्याची म्हणता आलं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

“कुठल्या म्हणालात?” अध्यक्षांनी विचारलं.

“तूर्तच्या खोलीत,” भाऊजी म्हणाले. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“केव्हापासून?” मेंबरीणने दुसरा प्रश्न विचारला.

“बेचाळीस वर्षं.”

आधी मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, मग मधून, मग सगळेच. भाजीवाली म्हातारी टोपली वाजवायला लागली. मेंबरीण हसली नाही. भाऊजी एकटेच मान खाली घालून बसले होते, आणि आपण जिंकलो याचा तिला काडीचा आनंद होईना. उलट त्या क्षणी तिला त्यांचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

अध्यक्षांनी टेबल थोपटलं. “लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले. “मूळ अर्जातला ‘तूर्त’ हा शब्द अर्जदाराच्या घरच्या अर्थाने घ्यावा. अर्ज नामंजूर. बाजार आहे तिथेच.”

भाऊजी सभा संपायच्या आधीच उठून गेले.

ती घरी पोचली तेव्हा पाच वाजले होते. नवरा तिच्या दोन पावलं मागून. पडवीत जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मागे खूण केली. मोकळ्या जागेतून हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

मेंबरीण आधी आत गेली, पलंगाखालची बॅग काढली आणि ती हातात घेऊनच मागे गेली. भाऊजी भिंतीशी उभे होते, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी. त्यांच्या पुढ्यात एक कडी निखळून आली होती. तिला वाटलं, उपटतायत. चाळीसच्या चाळीस उपटून काढणार. तरी ती पुढे झाली.

“भाऊजी, मी सांगितल्याप्रमाणे बोलले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे निघते. पोरीला शाळेतून परस्पर घेऊन जाईन.”

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तोंडातले खिळे काढले.

“ही कडी सैल झालीय,” ते म्हणाले. “म्हातारीची आहे. उद्या दोर ताणला की हातात येईल. गेल्या गुरुवारीच बोंबलत होती. धर जरा इकडून.”

तिने बॅग खाली ठेवली आणि कडी धरली. हातोडीचे चार ठोके बसले. भिंतीचा भुगा तिच्या मनगटावर पडला.

“गोदामाचं काय करायचं मग?” तिने विचारलं. हा प्रश्न खरा होता आणि तो तसाच उरला होता. पोत्यांचा धंदा काही सभेने परत आणला नव्हता.

“बघू. डोकं लावावं लागेल. तुलाही. नुसतं सभेत उभं राहून भागणार नाही.” आणखी एक ठोका. “सगळ्या गावासमोर हसं केलंस माझं.”

“खोटं बोलला असतात तर नसतं झालं.”

“गप.” त्यांनी कडी ओढून पाहिली. हलत नव्हती. मग पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे त्यांची नजर गेली. बराच वेळ ते बॅगेकडेच पाहत राहिले. सकाळी बोललो ते बोललो असं म्हणणारा माणूस होता. माघार घ्यायचे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच, कुणी दिलेच नव्हते. त्यांनी हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, घसा खाकरला आणि तिच्याकडे न बघता, जरा चिडूनच म्हणाले,

“ते सामान आत ने. तूर्त राहा.”

पडवीतून जाऊबाईंचा हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. या खेपेला त्यांच्याजवळ बशी नव्हती. तूर्तच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि खिडकीत आत्याबाई सुतळीचा गुंडा छातीशी धरून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होत्या.

“हसायला काय झालं?” भाऊजी ओरडले. मग आपण काय बोललो ते त्यांच्याही कानांत शिरलं. ते लालबुंद झाले, भिंतीकडे वळले आणि पुढची कडी, जी मुळीच सैल नव्हती, तीच ठोकायला लागले.

मेंबरीणने ती कडी धरली.